संच कोणी उचलला? ग्वाडलकनालचा कोस्टवॉचर आणि त्याची माणसं

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर जपान्यांच्या पाठीमागे राहून बिनतारी संदेश पाठवणारे 'कोस्टवॉचर' नक्की कोण होते, हेर की सैनिक? आणि सॉलोमन बेटांवरचा मार्टिन क्लेमेन्स, म्हणजे एक साधा जिल्हा अधिकारी, शत्रूच्या इतक्या जवळ महिनोन्महिने एकटा कसा तगला?

माझी सगळी नोकरी नौदलाच्या बिनतारी विभागात गेली. पुढची काही वर्षं मुलांना संदेशवहन शिकवण्यात गेली. कोस्टवॉचर हा माझा फार जुना जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात वजनापासून करतो. या माणसांकडे जो संच होता त्याला टेलिरेडिओ म्हणत. ऑस्ट्रेलियन बनावटीचा, थ्री-बीझेड नावाने ओळखला जाणारा. संच दणकट होता, दमट हवेला पुरून उरणारा. त्यावरून आवाज साधारण 640 किलोमीटरपर्यंत जाई, मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांचे संकेत, जवळजवळ 965 किलोमीटरपर्यंत. पण तो एका पेटीत मावणारा नव्हता. प्रेषक (ट्रान्समीटर) वेगळा, ग्राहक (रिसीव्हर) वेगळा, मोटारीत असतात तशा बॅटऱ्या, त्या भरायला पेट्रोलवर चालणारं इंजिन आणि वर पेट्रोलचे डबे. एकट्या इंजिनाचं वजन तीस किलोच्या वर. सगळं बिऱ्हाड हलवायचं तर बारा ते सोळा माणसं लागत.

आकडा वाचून अंदाज येत नाही, म्हणून स्वतःचं सांगतो. तरुणपणी एका सरावात आम्हाला दोन बॅटऱ्या टेकडीवरच्या चौकीत न्यायच्या होत्या. कावड करून बांबूला टांगल्या आणि निघालो. चढावर बांबू तिरका झाला की बॅटरीच्या बुचातून आम्ल झिरपायचं. तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पँट धुतली तर मांडीवर चाळणीसारखी भोकं. तीही चांगली पायवाट होती, ऊन होतं आणि मागे कोणी बंदूक घेऊन लागलेलं नव्हतं. ग्वाडलकनालला, म्हणजे सॉलोमनमधल्या ज्या बेटावर क्लेमेन्स होता तिथे, चिखल, गुडघाभर ओढे, निसरडे कडे. तिथे हे ओझं वाहणाऱ्यांच्या अंगात पँट नव्हती, उघड्या कातडीवर येत होतं सगळं.

म्हणून कोस्टवॉचरचा विषय निघाला की मी आधी विचारतो, संच कोणी उचलला? या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

आता हा साहेब, म्हणजे क्लेमेन्स, युद्धाआधी काय काम करायचा ते बघू. सॉलोमन बेटं 1893 पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती, राजधानी तुलागी नावाच्या छोट्या बेटावर. क्लेमेन्सचा जन्म 1915 चा, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा. केंब्रिजला शिकला, वसाहतींच्या सेवेत शिरला आणि 1938 मध्ये सॉलोमनला उमेदवार अधिकारी म्हणून आला. पहिली तीन वर्षं मलाइता बेटावर काढली. काम म्हणजे मुख्यतः फिरती. होडीने किनाऱ्याला लागायचं, तिथून चालत डोंगरात शिरायचं, गावात टेबल मांडून वही उघडायची आणि माणसं मोजायची. जन्म, मृत्यू, डोईपट्टी, भांडणतंटे, पायवाटांची डागडुजी, सगळं त्याच्याकडे. आपल्याकडे तहसीलदार, फौजदार आणि न्यायाधीश ही तीन माणसं असतात, तिथे तो एकच होता, आणि बरोबर मूठभर स्थानिक शिपाई.

शेजारच्या न्यू गिनीत, जिथे ऑस्ट्रेलियाचा कारभार होता, अशा गस्त अधिकाऱ्याला लोक 'किआप' म्हणत. जर्मनांच्या काळातल्या 'कॅप्टन'साठीच्या शब्दाचं ते तिथल्या बोलीतलं रूप. गावात त्याचा माणूस 'लुलुआई', म्हणजे आपला पाटील म्हणा, आणि त्याला दुभाषा मदतनीस 'तुलतुल'. किआप वर्षातून एकदोनदा येणार, एरवी गाव या दोघांच्या हाती.

ही व्यवस्था प्रेमावर चाललेली नव्हती, हेही इथेच सांगतो. मलाइताच्या डोंगराळ भागातल्या क्वाइओ लोकांना डोईपट्टी जाचक वाटत होती. ज्यांच्याकडे नाणी नव्हती त्यांना ती मिळवायला दूरच्या मळ्यांवर राबायला जावं लागे. ऑक्टोबर 1927 मध्ये जिल्हा अधिकारी विल्यम बेल सिनालागूला टेबल मांडून पट्टी गोळा करत बसला होता. रांगेतून बासिआना नावाचा माणूस पुढे आला आणि त्याने बंदुकीच्या नळीने बेलचं डोकं फोडलं. बेल, त्याचा तरुण उमेदवार सहकारी आणि तेरा शिपाई तिथेच मारले गेले. मग सरकारने सूड घेतला. डोंगरात मोहीम गेली, बायकामुलंही मेली, दोनशेच्या आसपास माणसं पकडून तुलागीला नेली, त्यातली तीस कोठडीतच वारली. बासिआनाला 1928 मध्ये फाशी दिलं. क्लेमेन्स मलाइतावर उतरला तेव्हा या गोष्टीला जेमतेम अकरा वर्षं झाली होती. ज्यांची घरं जळाली त्यांच्याच नातलगांची नावं त्याला वहीत लिहायची होती. कोस्टवॉचरांच्या शौर्यकथा सांगताना ही पार्श्वभूमी गाळली तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

ऑस्ट्रेलियन नौदलाने किनारा-पहाऱ्याची योजना पहिल्या महायुद्धानंतरच आखली होती. किनारा प्रचंड आणि माणसं थोडी, म्हणून मळेवाले, मिशनरी, पोस्टमास्तर, गस्त अधिकारी अशांनाच सांगून ठेवलं की परकं जहाज दिसलं तर कळवा. 1939 मध्ये एरिक फेल्ट या माणसाकडे न्यू गिनी आणि सॉलोमनचं जाळं सोपवलं. फेल्ट मूळचा नौदलाचाच, पण मधली बरीच वर्षं न्यू गिनीत किआप म्हणून काढलेली. ही नेमणूक मला फार शहाणपणाची वाटते. बेटाबेटावरच्या माणसांकडे तो स्वतः होडीने, विमानाने, पायी गेला. ज्याच्या घरी जेवलोय त्याचा निरोप खरा की घाबरून दिलेला, हे आवाजावरून ओळखता येतं. या जाळ्याला त्याने 'फर्डिनांड' नाव दिलं. लहान मुलांच्या गोष्टीतला तो बैल, जो लढायला तयार नसतो, झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. अर्थ सरळ होता: लढू नका, बसा, बघा, कळवा.

हेर की सैनिक? सुरुवातीला दोन्ही नव्हते, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं. गणवेश नाही, हुद्दा नाही, आणि हातात बिनतारी संच. अशा नागरिकाला पकडलं तर शत्रू त्याला हेर ठरवून मारणार. न्यू आयर्लंडजवळच्या ताबार बेटांवर कॉर्नेलियस पेज नावाचा मळेवाला जपानी आल्यावरही संदेश पाठवत राहिला. फेल्टने त्याला नौदलाचा हुद्दा मिळावा म्हणून धडपड केली. 1942 च्या मध्याला पेज पकडला गेला आणि मारला गेला. बहुतेकांना हुद्दे दिले गेले. पण हुद्द्यानेही जीव वाचेल याची खात्री नव्हती. गिल्बर्ट बेटांवर न्यूझीलंडचे सतरा पहारेकरी पकडले गेले होते, त्यांत बिनतारीवाले होते आणि त्यांच्या सोबतीला दिलेले सैनिकही. ऑक्टोबर 1942 मध्ये ताराव्याला त्यांची पाच नागरिकांसह कत्तल झाली. क्लेमेन्स सॉलोमनच्या संरक्षण दलात कॅप्टन होता.

फेब्रुवारी 1942 मध्ये तो ग्वाडलकनालच्या उत्तर किनाऱ्यावर आओलाला आला, तेव्हा वय सव्वीस. मे महिन्याच्या सुरुवातीला जपान्यांनी समोरच तुलागी घेतलं. क्लेमेन्स सामान हलवून पारिपाओ गावात, आतल्या डोंगरात गेला, पुढे आणखी वर वुंगानाला. बेटावर आणखीही कोस्टवॉचर होते, गोल्ड रिजवर नौदलाचा मॅकफार्लन, पश्चिम टोकाला ऱ्होड्स. जूनमध्ये जपानी ग्वाडलकनालवर उतरले आणि जुलैत लुंगाच्या माळावर धावपट्टीचं काम सुरू झालं.

आता इथे गस्त अधिकाऱ्याचं जुनं काम कसं उपयोगी पडलं ते बघा. जपान्यांना मजूर हवे होते. क्लेमेन्सच्या माणसांपैकी काही जण त्या मजुरांत मिसळले. दिवसा त्यांच्यासाठी ओझी उचलायची आणि मग डोंगरात येऊन सांगायचं: तोफा इतक्या, तंबू इतके, पट्टी अमुक झाडापर्यंत आली. ज्यांना वर्षानुवर्षं साहेबाने रांगेत उभं करून मोजलं, ती माणसं आता साहेबासाठी मोजत होती. या माहितीची किंमत नीट समजून घ्या. त्या धावपट्टीवरून जपानी विमानं उडू लागली असती तर अमेरिका-ऑस्ट्रेलिया हा समुद्री रस्ता धोक्यात आला असता. ती पट्टी घेण्यासाठीच 7 ऑगस्ट 1942 ला अमेरिकन मरीन उतरले. आज सॉलोमनची राजधानी होनिआराचा विमानतळ त्याच जागी आहे.

त्या आधीच्या आठवड्यांत क्लेमेन्सची दशा वाईट होती. बूट फाटलेले, खायला गावकरी देतील ते रताळं-सुरण, बॅटरी भरायला पेट्रोल मोजून मापून. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुस्तकांत ती एका ओळीत उरकतात. चार्जिंगचं इंजिन फटफट आवाज करतं. रानात तो आवाज दरीपार जातो. म्हणजे बोलायचं असेल तर आधी आवाज करून स्वतःची जागा सांगावी लागते. म्हणून इंजिन लावण्यापूर्वी वाटांवर माणसं बसवावी लागत आणि ती माणसं विश्वासाची असावी लागत. एकानेही खाली जाऊन जपान्यांना वाट दाखवली असती तर खेळ खलास होता. महिनोन्महिने कोणी दाखवली नाही.

सांकेतिक लिपीबद्दलही विचारलं जातं. बरेच संदेश प्लेफेअर पद्धतीने जात. पाच बाय पाचची चौकट, 25 घरं. इंग्रजी अक्षरं 26, म्हणून आय आणि जे एका घरात. ठरलेला शब्द आधी भरायचा, मग उरलेली अक्षरं क्रमाने. निरोप दोन-दोन अक्षरांत तोडायचा आणि चौकटीत त्या जोडीचा आयत करून समोरचे कोपरे लिहायचे. मी हे वर्गात खडूने करून घेत असे, मुलांना अर्ध्या तासात जमायचं. लिपी कच्ची आहे, जाणकार बसला तर फोडेल. पण तिला पुस्तक लागत नाही. पेन्सिल, कागद आणि डोक्यात एक शब्द, बस. पकडले जायची वेळ आली तर कागद गिळून टाकायचा. आणि चार तासांनी शिळा होणारा निरोप शत्रूने दोन दिवसांनी फोडला तर फोडू दे.

अगदी तातडी असली तर लिपीही नाही, सरळ उघड इंग्रजी. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बूगनव्हिल बेटावरचं. तिथे दक्षिणेला पॉल मेसन, मूळचा मळ्याचा व्यवस्थापक आणि हौशी बिनतारीवाला, तर उत्तरेला जॅक रीड, मुरलेला किआप. मेसनची हाक-खूण होती 'एसटीओ', बहिणीच्या सासरच्या आडनावावरून, आणि रीडची 'जेईआर', मुलीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून. 7 ऑगस्टला सकाळी मेसनच्या डोक्यावरून बॉम्बफेकी विमानं गेली आणि त्याने कळवलं: 24 विमानं, तुमच्याकडे. दुसऱ्या दिवशी रीडने 45 कळवली.

याचा इतका उपयोग का झाला हे आकड्यांत बघा. जपान्यांचा तळ रबाउलला, तिथून ग्वाडलकनाल हजार किलोमीटरच्या पुढे. एवढं जाऊन परत यायचं तर लढाऊ विमानांना वळसा घालण्याइतकं इंधन उरत नाही. सरळ रेषेत यावं लागतं, आणि त्या रेषेखाली बूगनव्हिल. तिथून पुढे साधारण दोन तास. अमेरिकन वाइल्डकॅट विमानं उंची गाठायला मंद, त्यांना वर जायला अर्धा-पाऊण तास लागे. सूचना मिळाली तर ती आधीच वर जाऊन थांबत आणि वरून झडप घालत. न मिळाली तर जमिनीवरच जळत. पुढे अमेरिकन अ‍ॅडमिरल हॅल्सीने कोस्टवॉचरांनी ग्वाडलकनाल वाचवलं असं म्हटल्याचं सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे.

पण याच बूगनव्हिलची दुसरी बाजूही आहे. तिथे किएटा आणि बुकाच्या भागातल्या बऱ्याच गावकऱ्यांनी जपान्यांना साथ दिली, वाटा दाखवल्या, छावण्यांवर माणसं आणली. का देऊ नये? मळ्यांवर मार खाल्लेला होता, गोरे साहेब जपानी येताच पळून गेलेले डोळ्यांनी पाहिले होते, आणि नवीन साहेबाच्या हातात जास्त बंदुका होत्या. जुलै 1943 मध्ये रीड आणि मेसन यांना पाणबुडीने बाहेर काढावं लागलं. संच तेच, माणसं तितकीच शूर, पण पायाखालची गावं सुटली तशी पहाऱ्याची चौकी संपली. न्यू जॉर्जियात सेगीला डोनाल्ड केनेडी या जिल्हा अधिकाऱ्याने स्वतःचं छोटं सैन्यच उभं केलं. तो टिकला, पण पिंपावर पालथं घालून फटके मारण्याची त्याची शिक्षा तिथली माणसं म्हातारपणीही विसरली नाहीत. मला केनेडीच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. त्याच्या हाताखाली मी मात्र काम केलं नसतं.

आणि जेकब वूझा. ग्वाडलकनालच्या तासिमबोको भागातला हा माणूस 1916 मध्ये पोलिसात शिरला, पंचवीस वर्षं नोकरी करून सार्जंट मेजर म्हणून निवृत्त झाला आणि युद्ध आल्यावर आपणहून क्लेमेन्सकडे आला. क्लेमेन्स 15 ऑगस्टच्या सुमारास डोंगरातून उतरून मरीनांच्या ओळीत दाखल झाला. जवळ येताच त्याने जपून ठेवलेले चांगले बूट घातले, झेंडा पुढे केला आणि आपल्या माणसांना कवायतीने चालवत नेलं. कोणी चुकून गोळी झाडू नये हा हेतू तर होताच. पण ही माणसं रानातून पळून आलेली नाहीत, आपल्या कामावर आहेत, हेही त्याला दाखवायचं असणार, असं मला वाटतं.

20 ऑगस्टला टेहळणीवर असताना वूझा जपान्यांच्या हाती सापडला. त्याच्याजवळ मरीनांनी दिलेला छोटा अमेरिकन झेंडा मिळाला. झाडाला बांधून त्याला प्रश्न विचारले. तो बोलला नाही. संगिनींनी हात, खांदा, पोट, गळा भोसकला आणि मेला समजून सोडून गेले. रात्री त्याने दातांनी दोर तोडला आणि कधी चालत, कधी रांगत मरीनांच्या ओळीपर्यंत आला. उपचार नंतर, आधी क्लेमेन्सला बोलवा म्हणाला. शत्रू किती, हत्यारं कोणती, कुठून येतोय, हे सगळं त्याने क्रमाने सांगितलं, आणि मग बायकोमुलांसाठी निरोप दिला. क्लेमेन्सने एका हाताने त्याचा हात धरला आणि दुसऱ्याने ते लिहून घेतलं. मध्यरात्रीनंतर हल्ला आला. कर्नल इचिकीच्या नऊशेच्या आसपास सैनिकांपैकी सुमारे आठशे त्या लढाईत मेले.

वूझा जगला. बारा दिवसांत कामावर परतला असं कोणी सांगेल, कोणी आणखी काही. दिवस मोजण्यात मला रस नाही. तो परतला आणि पुन्हा वाटाड्या झाला, एवढं खरं. त्याला अमेरिकेचं सिल्व्हर स्टार आणि ब्रिटिशांचं जॉर्ज पदक मिळालं, 1979 मध्ये 'सर' ही पदवी, आणि 1984 मध्ये तो वारला.

ओझी वाहणाऱ्या बाकीच्यांचं काय झालं, हेही प्रश्नात नसलं तरी सांगायला हवं. युद्धात ब्रिटिशांनी सॉलोमनमध्ये मजूर दल उभं केलं, पगार महिन्याला एक पौंड. त्याच मजुरांनी अमेरिकन छावण्यांत काळे सैनिक गोऱ्यांसारखाच गणवेश घालताना, तेच अन्न खाताना पाहिले. परत गेल्यावर त्यांना जुनी व्यवस्था सहन होईना. 1944 पासून मलाइतावर 'मासिना रुरू' ही चळवळ उभी राहिली. मासिना म्हणजे भाऊबंदकी, चांगल्या अर्थाने, भावाभावाचं नातं. त्यांनी मळ्यांवर जायला नकार दिला, पट्टी भरायला आणि जनगणनेत नाव द्यायला नकार दिला. वही घेऊन आलेल्या साहेबासमोर हजारो माणसं गप्प उभी राहिली आणि तुरुंगात गेली. 1947 मध्ये पुढाऱ्यांची धरपकड झाली. शेवटी 1950 नंतर सरकारला मलाइताला स्वतःचं मंडळ द्यावं लागलं. खुद्द वूझाही ग्वाडलकनालवर या चळवळीत होता.

क्लेमेन्सला मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धानंतर त्याने पॅलेस्टाइन आणि सायप्रसमध्ये नोकरी केली, पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला आणि 2009 मध्ये मेलबर्नला वारला.

कोस्टवॉचरांचं स्मारक म्हणून न्यू गिनीत मदांगला 1959 मध्ये दीपगृह उभारलं गेलं. होनिआरात सॉलोमनच्या वाटाड्यांचा आणि कोस्टवॉचरांचा पुतळा उभा राहिला तो 2011 मध्ये. त्या पुतळ्यासाठी गावोगाव फिरून माहिती जमवायची वेळ आली, तेव्हा संच वाहणाऱ्यांपैकी फार थोडे जण ती सांगायला उरले होते.